नदी एक, नोंदवह्या तीन

पावसाळ्यात सुरतेत पाणी चढू लागले की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. शेजारचे गृहस्थ म्हणतात, "महाराष्ट्राने पाणी सोडले." त्यावर आपल्यापैकी कोणीतरी तावातावाने उत्तर देतो, "उकाई वेळेवर रिकामे केले असते, तर हे झालेच नसते." दोघेही ठामपणे बोलतात आणि दोघांच्याही हाती आकडा नसतो. लिंबायतच्या ओट्यांवर, उधन्याच्या चहाच्या टपऱ्यांवर आणि खरे सांगायचे तर आपल्या मंडळाच्या बैठकांतही हा वाद वर्षानुवर्षे याच पातळीवर चालला आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, हा वाद गुजराती आणि मराठी यांच्यातला नाही. तो आकडा ठाऊक असणारे आणि तो ठाऊक नसणारे यांच्यातला आहे, आणि आपण सारे, भाषा कोणतीही असो, दुसऱ्या पक्षात आहोत.

प्रथम नदीचा हिशेब मांडू. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते, बुऱ्हाणपूर ओलांडून रावेरच्या बाजूने खानदेशात उतरते, चांगदेव येथे पूर्णेला पोटात घेते, भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करीत गुजरातेत शिरते आणि सुरतेच्या खाली समुद्राला मिळते. एकूण लांबी ७२४ किलोमीटर. तिचे खोरे सुमारे ६५,१४५ चौरस किलोमीटरचे. त्यांपैकी ५१,५०४ महाराष्ट्रात, ९,८०४ मध्य प्रदेशात आणि गुजरातेत अवघे ३,८३७. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव भाग पाणी गोळा करणारी जमीन दुसऱ्या दोन राज्यांत, आणि नदीकाठचे सर्वांत मोठे शहर शेवटच्या सहा भागांत. अशा नदीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाला वरच्या पाण्याची खबर असणे ही चैन नव्हे. ते त्याच्या जिवाचे कवच आहे.

७ ते ९ ऑगस्ट २००६ हे दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाईच्या जलाशयात येवा झपाट्याने वाढला आणि धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत विसर्ग करावा लागला. होप पुलापाशी धोक्याची पातळी साडेनऊ मीटर मानली जाते. पाणी बारा मीटरच्या वर गेले. शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली होता. धरण आधी किती भरलेले असावयास हवे होते, दरवाजे केव्हा उघडावयास हवे होते, यावर पुढे पुष्कळ शाई खर्च झाली. त्या वादात मला आज पडावयाचे नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. पाणी काही आकाशातून थेट उकाईत पडले नव्हते. ते आधी बुऱ्हाणपूरच्या, मग भुसावळच्या, मग सारंगखेड्याच्या पुलाखालून गेले होते. त्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पट्टीवर पातळी वाचून वहीत लिहीत होते. मग सुरतेतल्या सामान्य कुटुंबाला ही वही वाचता का येऊ नये?

येथे पहिला आक्षेप येतो. 'हे काम केंद्राचे आहे आणि केंद्र ते करीतच आहे.' हे अर्धसत्य आहे, म्हणूनच अधिक घातक. केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रे तापीवर आहेत. देडतलाई, बुऱ्हाणपूर, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा, घला ही नावे त्या खात्याच्या नोंदींत जुनी आहेत. आयोग पुराचे अंदाजही देतो, आणि २०२३ पासून मोबाइलवर पाहता येईल अशी सोयही त्याने केली आहे. २००६ नंतर सुरतेत पूर्वसूचनेची व्यवस्था सुधारली, हेही मान्य केलेच पाहिजे. परंतु हतनूर धरणाच्या एक्केचाळीस दरवाज्यांपैकी किती उघडले, हे महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याच्या कागदावर असते. उकाईच्या बावीस दरवाज्यांचा हिशेब गुजरातच्या कागदावर असतो. आणि पाण्याच्या शुद्धतेचे आकडे तिसऱ्याच मंडळांच्या कपाटांत असतात. नदी एकच वाहते, नोंदवह्या मात्र निरनिराळ्या. २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमाने पुराच्या येव्याची आणि विसर्गाची माहिती संबंधितांना व जनतेला देण्याची जबाबदारी धरणाच्या मालकावर टाकली, हे योग्यच झाले. पण तो कायदा धरणाचा विचार करतो. आपण धरणाच्या काठी राहत नाही, नदीच्या काठी राहतो.

दुसरा आक्षेप शुद्धतेविषयी कोणी घेतच नाही, कारण तिकडे कोणाचे लक्षच नाही. पुराचे पाणी दाराशी येऊन ठोठावते. मैले पाणी मुकाट्याने नळातून येते. सिंगणपोरच्या बंधाऱ्यामुळे अडलेले पाणी आपण पितो, आणि त्याच साचलेल्या पाण्यावर जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरलेले आपण पाहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत तापी एकदा नव्हे, तीनदा आली आहे: मध्य प्रदेशात नेपानगर ते बुऱ्हाणपूर, महाराष्ट्रात रावेर ते शहादा, आणि पुन्हा गुजरातच्या यादीत. तीन राज्ये, तीन पट्टे, तीन कृती आराखडे. नेपानगरच्या कागद कारखान्याखालून निघालेले पाणी रावेरच्या सीमेवर थांबून आपले नागरिकत्व बदलते, अशी या यादीची समजूत दिसते. नदीकाठच्या बहुतेक ठिकाणी नमुना महिन्यातून एकदा घेतला जातो. ज्याला रात्री दोन वाजता टाकी रिकामी करावयाची आहे, त्याच्या दृष्टीने महिन्याचे उरलेले दिवस मोकळेच की! आणि मासे मरून वर आले की खालचा वरच्याकडे बोट दाखवतो, वरचा आपल्या गेल्या महिन्याच्या अहवालाकडे.

तिसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या तोंडी असतो: 'कच्चे आकडे लोकांना दिले तर घबराट पसरेल.' मी स्वतः राज्य शासनाच्या सेवेत उभे आयुष्य काढले आहे, तेव्हा या वाक्याची जात मला चांगली ठाऊक आहे. आकडा टेबलावर येतो, त्यावर सही व्हावयाची असते, सही करणारे साहेब बैठकीत असतात, आणि बैठकीचा विषय तोच आकडा असतो. यात दुष्टपणा नसतो. चुकीच्या आकड्याखाली आपले नाव नको, एवढीच भीती असते. परंतु घबराट आकड्याने पसरत नाही, आकड्याच्या अभावाने पसरते. आजही हतनूरचे दरवाजे उघडल्याचे लिंबायतला कसे कळते? भुसावळच्या मेहुण्याचा किंवा शिरपूरच्या मावशीचा फोन येतो म्हणून. सरकारी यंत्रणेपेक्षा आपली सोयरीक अधिक जलद चालते, हे आपल्या नातेसंबंधांचे कौतुक आहे, राज्यव्यवस्थेचे नव्हे. आणि ज्याचे खानदेशात कोणीच नाही, त्या ओडिया वा बिहारी कामगाराने कोणाच्या फोनची वाट पाहावी?

खरा आक्षेप मात्र चौथा आहे आणि तो कोणी उघड बोलत नाही. आकडा दिला की तो उद्या न्यायालयात आपल्याविरुद्ध उभा राहील, ही ती धास्ती. वरचे राज्य म्हणते, आम्ही किती अडवले ते का सांगावे? खालचे म्हणते, आम्ही किती साठवले ते का सांगावे? कृष्णेच्या बाबतीत हेच झाले. २००५ आणि २०१९ साली सांगली-कोल्हापूर बुडाले, आणि आपल्याकडच्या चावडीवर अलमट्टीला शिव्या देण्याची अहमहमिका लागली. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनानेच नेमलेल्या वडनेरे समितीने त्याचे मुख्य खापर अलमट्टीवर फोडले नाही. पण समितीचा अहवाल आला २०२० साली, आणि शिव्या दिल्या गेल्या त्या पुराच्या दिवशी. वेळेवर न मिळालेला आकडा सत्य असूनही निरुपयोगी ठरतो, तो असा.

वाचकहो, परस्परांचा विश्वास असेल तरच आकडे देता येतात, असे समजण्याचे कारण नाही. १९६० च्या सिंधू करारात पातळी आणि विसर्गाचे दैनंदिन आकडे परस्परांना कळविण्याचे कलम होते, आणि १९६५, १९७१ व १९९९ ची युद्धे होऊनही तो करार टिकला होता. भारताने तो स्थगित ठेवला तो एप्रिल २०२५ मध्ये. उलट २०१७ च्या पावसाळ्यात चीनकडून ब्रह्मपुत्रेचे आकडे आले नाहीत, तेव्हा आपल्या देशाने ती गोष्ट गंभीर मानली, आणि ते योग्यच होते. मग चीनकडून जे आपण हक्काने मागतो, ते जळगाव आणि सुरत यांनी एकमेकांना देताना संकोच का करावा? युरोपात १९८६ साली बासल येथे रसायनांच्या गोदामाला आग लागून ऱ्हाइन नदीत विष मिसळले आणि खालच्या देशांपर्यंत मासे मेले. त्यानंतर बासलच्या खालच्या बाजूला वाइल येथे स्विस आणि जर्मन शासनांनी मिळून एक देखरेख केंद्र उभारले. तेथे दोन्ही देशांसाठी नदीचे पाणी एकाच केंद्रात तपासले जाते. आकडा एकच निघतो; त्यामुळे भांडण झालेच तर उपायावर होते, आकड्यावर होत नाही.

आपल्याकडे कायद्याचीही उणीव नाही. आंतरराज्य नद्यांसाठी मंडळे स्थापण्याचा नदी मंडळ अधिनियम संसदेने १९५६ साली केला. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. त्याच वर्षी झालेल्या पाणीतंटा अधिनियमाखाली मात्र लवाद बसले आणि दशकानुदशके चालले. भांडण्यासाठीचा कायदा आपण वापरला आणि एकत्र बसण्यासाठीचा फडताळात ठेवला, यातच सारे आले. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार केला. योजनेच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. पण वरचे पाणी उद्या वेगळ्या वाटेने, वेगळ्या वेळी वाहणार असेल, तर ते मोजून सर्वांना दाखविण्याची निकड आज दुप्पट झाली आहे.

म्हणून मागणी नेमकी मांडतो. पावसाळ्यात तापीवरील सर्व मापनकेंद्रांची पातळी, सर्व धरणांचा व बंधाऱ्यांचा साठा, येवा आणि विसर्ग, दर तासाला एकाच तक्त्यावर प्रसिद्ध व्हावा. तो मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत असावा, आणि पंचायतीच्या व वॉर्ड कार्यालयाच्या फलकावरही लागावा. दोन्ही राज्यसीमांवर, म्हणजे बुऱ्हाणपूर-रावेर आणि नंदुरबार-निझर या पट्ट्यांत, पाण्याचा नमुना दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांसमक्ष एकाच वेळी घेऊन, मोहोर लावून, वाटून तपासावा. आणि पाण्यातील प्राणवायू सतत मोजणारी यंत्रे तेथे बसवावीत. आणि हे कोणाच्या मेहेरबानीवर नको, १९५६ च्याच कायद्याखाली तापी मंडळ स्थापून व्हावे.

लिंबायतकरांना आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्याला तापीइतकेच छळते ती मिठी खाडी. २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जूनमध्ये सुरतेत खाड्यांचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा उकाईचा त्यात दोष नव्हता. ते ग्रामीण तालुक्यांतून आणि शहराच्याच छपरांवरून आलेले पाणी होते. तेथे सीमा दोन राज्यांची नाही, तालुका आणि महानगरपालिका यांची आहे. रोग मात्र तोच: वरचा मोजतो तर खालच्याला सांगत नाही, किंवा मोजतच नाही. तापीसाठी मागितलेला तक्ता खाडीलाही लागू झाला पाहिजे.

हे काम आपणच का अंगावर घ्यावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या नदीच्या दोन्ही टोकांना ज्यांची घरे आहेत असे लोक आपणच आहोत. आपले पूर्वज ज्या गावांतून आले त्या गावांचेच पाणी आपल्या दारी येते. आपण महाराष्ट्राची वकिली करीत बसलो तर शेजाऱ्याला पटणार नाही, आणि गुजरातची केली तर गावाकडच्यांना. पण 'आकडा दाखवा' एवढेच आपण दोन्हीकडे म्हणू लागलो, तर ते कोणालाच नाकारता येणार नाही. दरवर्षी आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तापीचा जन्मदिवस साजरा होतो, तिला चुनडी नेसवतात. भक्ती अवश्य करावी. पण जिला आपण आई म्हणतो, तिची नाडी कोण पाहतो आणि ती किती लागली, हे विचारणे हाही भक्तीचाच भाग आहे. मंडळाने येत्या सर्वसाधारण सभेत या मागणीचा ठराव करावा, तो तिन्ही राज्यांच्या जलसंपदा खात्यांना आणि केंद्रीय जल आयोगाला पाठवावा, आणि नव्वद दिवसांत उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावेत. पहिल्या अर्जावर मी सही करीन. पुढच्या सह्या आपल्या असाव्यात.