आधी पडताळणी, मग अटक

तरावीहमध्ये सव्विसावा पारा सुरू झाला की सूरह हुजुरात येते. तिच्या सहाव्या आयतीचा आशय असा : बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तपासून घ्या, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल. या आदेशाची आठवण यंदा मशिदीबाहेरच्या जगात जास्त होते.

जून २०२५ मध्ये मीरा रोड परिसरात गवंडीकाम करणारा मुर्शिदाबादचा एक मजूर 'बांगलादेशी' म्हणून पकडला गेला. त्याला सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात दिले आणि तिथून सीमेपलीकडे ढकलले. पश्चिम बंगालमधून चक्रे फिरली आणि काही दिवसांत तो परत आला. तो भारतीयच होता. त्याच महिन्यात दिल्लीत पकडलेली बीरभूमची एक गर्भवती स्त्री मात्र डिसेंबरपर्यंत परतू शकली नाही. त्यासाठी कोलकाता उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घुसखोर शोधणे हे सरकारचे कामच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो एका फोनवर होऊ शकणाऱ्या चौकशीआधीच माणूस सीमेवर पोहोचतो कसा, हा.

याचे मूळ कायद्यात आहे. चोरीच्या खटल्यात गुन्हा पोलिसांनी सिद्ध करायचा असतो. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात मात्र 'मी परदेशी नाही' हे आरोपीने सिद्ध करायचे, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही हा भार तसाच आहे. आसाममध्ये तीस वर्षे लष्करात काढलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला २०१९ मध्ये याच वाटेने स्थानबद्धता केंद्रात जावे लागले. नलबारीच्या एका गरीब माणसाला न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये एकतर्फी परदेशी ठरवले. कागदांतल्या नावांचे स्पेलिंग आणि तारखा जुळत नाहीत, हेही त्याच्याविरुद्ध गेले. (आपल्याकडे एकाच घरात शेख, शैख आणि शेक असे तीन दाखले सहज निघतील.) जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला भारतीय ठरवले. नुसत्या संशयावर नोटीस काढता येणार नाही, हाती काही पुरावा हवा आणि तो त्या माणसाला दाखवायला हवा, असेही बजावले. निकाल आला तेव्हा तो हयात नव्हता.

घटनेचे कलम २१ नागरिकापुरते नाही, ते प्रत्येक व्यक्तीला आहे. कलम २२ अटकेची कारणे, वकील आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजेरी मागते. तेवढे पाळले गेले तरी मीरा रोडसारखे प्रकार पहिल्याच दिवशी थांबतील. त्याखेरीज मूळ जिल्ह्याकडून लेखी उत्तर आल्याशिवाय कुणालाही राज्याबाहेर हलवू नये, घरच्यांना कळवावे, आणि चूक ठरल्यास बुडालेल्या मजुरीसह भरपाई द्यावी, हे नियमात लिहिले गेले पाहिजे. तोंडी आश्वासनांवर गवंड्याचे पोट चालत नाही.

समाजालाही एक काम आहे. जकातीच्या आठ मदांत बंधनात अडकलेल्यांची सुटका ही एक मद आहे. निरपराध कैद्यांना सोडवणेही तिच्यात येते, असे आज अनेक उलमा मानतात. मोहल्ला कमिट्या रेशनच्या किटांचा हिशेब मांडत आहेतच, त्याच वहीत वकिलाच्या फीसाठी एक पान ईदच्या आधी उघडता येईल.