खेड्याला शल्यचिकित्सक का मिळत नाही?

साखरखेर्डा हे गाव इतिहासग्रंथांत येते ते १७२४ सालच्या लढाईमुळे. निजाम-उल्-मुल्काने येथे मुबारिझखानाचा पराभव केला आणि पुढे सव्वादोनशे वर्षे टिकलेल्या हैदराबाद राज्याचा पाया घातला. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील या मोठ्या गावापुढचा आजचा प्रश्न मात्र अगदी साधा आहे, आणि म्हणूनच तो अधिक लाजिरवाणा आहे. मध्यरात्री एखाद्या शेतमजुराचा हर्निया अडकला, एखादी बाळंतीण अडली किंवा अपघातात कोणाच्या पोटाला जबर मार बसला, तर शस्त्रक्रिया कोण करणार? गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. परंतु पोट उघडण्याची शस्त्रक्रिया अशा केंद्रात होत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. ती अपेक्षा त्यावरच्या पायरीकडून, म्हणजे तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाकडून केलेली आहे. नेमकी हीच पायरी देशभर निखळलेली आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील या पायरीवरील केंद्रांत शल्यचिकित्सकांची उणीव गरजेच्या ८३.२ टक्के होती. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बाबतीत हेच प्रमाण ७४.२ टक्के, तर बालरोगतज्ज्ञांच्या बाबतीत ८१.६ टक्के होते. म्हणजे जेथे सहा शल्यचिकित्सक हवेत तेथे जेमतेम एक होता. देशात वैद्यकीय महाविद्यालये वाढली, पदव्युत्तर जागा वाढल्या, तरीही ही दरी बुजलेली नाही.

दोष वृत्तीचा की रचनेचा?

या स्थितीवर एक ठरलेला अभिप्राय ऐकू येतो : तरुण डॉक्टरांत सेवाभाव उरलेला नाही, त्यांना शहर आणि पैसा हवा आहे. हा अभिप्राय सोयीचा आहे, कारण तो दिल्यावर आणखी काही करावे लागत नाही. पण तो अपुरा आहे. शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर तीन वर्षे एखाद्या मोठ्या शहरी रुग्णालयात घडतो. तेथे रात्री दोन वाजताही भूलतज्ज्ञ उपस्थित असतो, रक्तपेढी हाताशी असते, आणि निर्णय चुकतो आहे असे वाटले तर विचारावयास वरिष्ठ असतात. तेथेच त्याला हेही उमगते की मान, बढती आणि प्राप्ती ही अतिविशेषज्ञाकडे जातात. सर्वसाधारण शल्यचिकित्सा हा केवळ मधला मुक्काम आहे.

अशा डॉक्टरला सेवाबंधाच्या एका वर्षासाठी आडगावच्या रुग्णालयात पाठविले जाते, तेव्हा काय घडते? शस्त्रक्रियागृह असते, पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असते. किंवा तो असला तर रक्तसाठ्याची व्यवस्था नसते. शल्यचिकित्सक मग बाह्यरुग्ण विभागात सर्दी-तापाचे रुग्ण तपासतो आणि गंभीर रुग्णाला पुढे जाण्याची चिठ्ठी लिहून देतो. हात चालला नाही की तो बोथट होतो, ही प्रत्येक शल्यचिकित्सकाची भीती असते. धाडस करून शस्त्रक्रिया केली आणि रुग्ण दगावला, तर नातेवाइकांच्या संतापाला तो एकटाच सामोरा जातो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० साली कायदा केला. परंतु कायद्याची प्रत शस्त्रक्रियागृहाच्या दारात उभी राहत नाही. वर्ष संपते आणि डॉक्टर निघून जातो. त्याला दोष द्यायचा तर त्याला तेथे निरुपयोगी करून ठेवणाऱ्या व्यवस्थेलाही तो दिला पाहिजे.

दोंडाईचाचा धडा

खेड्यात उत्तम शल्यचिकित्सा होऊच शकत नाही, असेही कोणी समजू नये. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यापुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या जाळीच्या किमतीचा प्रश्न होता. विकत मिळणारी जाळी गरीब रुग्णांना परवडत नव्हती. त्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि २००३ साली आपले निष्कर्ष भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात मांडले. पुढे युगांडामध्ये सुमारे तीनशे रुग्णांवर मच्छरदाणीची जाळी आणि महागडी जाळी यांची रीतसर तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षअखेर दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. रुग्णाची ऐपत ठाऊक असलेल्या डॉक्टरलाच असा प्रश्न पडू शकतो. मात्र आरोग्यव्यवस्था अशा असामान्य व्यक्तींच्या भरवशावर चालविता येत नाही. सामान्य कुवतीच्या डॉक्टरलाही चांगले काम करता यावे, यासाठीच तर व्यवस्था असते.

रस्ते पुरेसे नाहीत

यावर असा युक्तिवाद केला जातो की आता रस्ते सुधारले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला. मग रुग्णालाच छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरला का नेऊ नये? मेंदूच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेपुरते हे मान्य करता येईल. परंतु पिळा पडलेले आतडे आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव वाट पाहत नाहीत. जागतिक शल्यचिकित्सेचा विचार करणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०१५ साली सिझेरियन, पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार या तिन्ही गोष्टी दोन तासांच्या अंतरात उपलब्ध असाव्यात, असा निकष मांडला, तो याच कारणाने.

या युक्तिवादात तथ्याचा एक अंश आहे. फार थोड्या शस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणी शल्यचिकित्सक टिकत नाही आणि रुग्णही सुरक्षित राहत नाही. म्हणून प्रत्येक लहान रुग्णालयात एकेक विशेषज्ञ नेमण्याचा हट्ट सोडावा. दोन-तीन तालुक्यांमिळून एक रुग्णालय निवडावे आणि तेथे दोन शल्यचिकित्सक, दोन भूलतज्ज्ञ, दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका आणि रक्तसाठा अशी पूर्ण व्यवस्था उभी करावी. नेमणूक व्यक्तीची न करता चमूची करावी. चमूतील एक जागा रिकामी झाली तर ती भरण्यास मुदत असावी, कारण त्या एका जागेवाचून बाकीच्यांचे वेतन व्यर्थ जाते.

बुलढाण्याची संधी

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने ही चर्चा आज विशेष निकडीची आहे. २०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पहिल्या शंभर विद्यार्थ्यांसाठी दार उघडले. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता धरता ही तुकडी २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. पदव्युत्तर जागा येथे येतील तेव्हा शल्यचिकित्सा, भूलशास्त्र आणि स्त्रीरोग या तीन विषयांच्या जागा एकत्र मागाव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याचा नियम २०२० पासून आहेच. त्यात तालुक्याच्या रुग्णालयाची भर घालावी आणि विद्यार्थ्याबरोबर शिक्षकालाही तेथे पाठवावे. सिझेरियनचा आणि अस्थिभंगाचा हात शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यालाही बसला पाहिजे. आज हे विषय इतर विभागांचे म्हणून तो त्यांपासून दूर राहतो.

शासकीय सेवेतील डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशात राखीव जागा देण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केला आणि २०२२ साली महाराष्ट्राने अशा २० टक्के जागा ठेवल्या. जो वैद्यकीय अधिकारी याच भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात राबला, त्याला शल्यचिकित्सक करून याच भागात, राहत्या घरासह आणि बढतीच्या हमीसह परत आणणे हा सेवाबंधाच्या सक्तीपेक्षा खात्रीचा मार्ग आहे.

साखरखेर्ड्याच्या शेतमजुराला नामांकित अतिविशेषज्ञ नको आहे. अडकलेला हर्निया वेळेत सोडविणारा, शेजारी भूलतज्ज्ञ असलेला डॉक्टर त्याला तासाभराच्या अंतरावर हवा आहे. असा डॉक्टर घडविण्यास दहा वर्षे लागतात. म्हणूनच तो निर्णय पुढील अंदाजपत्रकावर ढकलण्याची मुभा शासनाला नाही.