करंजीचा नाताळ

आमच्या घरी नाताळाला केक आला तो माझ्या लग्नानंतर. त्याआधी नाताळ म्हणजे करंजी. रव्याचे लाडू, शंकरपाळी, शेव, चिवडा हे असायचंच. पण करंजीवाचून नाताळ झाला, असं आमच्याकडे कुणी म्हटलं नसतं. डिसेंबर लागला की सोसायटीतल्या मैत्रिणी प्रेमाने विचारतात, ‘काय, केकची तयारी सुरू झाली का?’ केक आता असतो, म्हणून मी हो म्हणते. पण तेवढ्यावर त्यांना सोडत नाही. बसवून घेते आणि सांगते, की आमचा नाताळ नगर जिल्ह्यातला आहे, दिवाळीच्या पाठीवर जन्मलेला तिचा धाकटा भाऊ आहे.

वडील शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. मिशनचा मास्तर आठवडाभर मुलांना शिकवी आणि रविवारी तोच उपासना चालवी. शाळेची खोली हीच मंडळीची प्रार्थनेची जागा. नाताळ जवळ आला की बायका मिळून ती खोली सारवायच्या, भिंतींना चुन्याचा हात द्यायच्या आणि दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लागायचं.

तारा मात्र वडील स्वतः करायचे. बांबूच्या कामट्या चाकूने तासून गुळगुळीत करायच्या. पाच कामट्या एकमेकींत अडकवून एक तारा, तसाच दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाची टोकं दोऱ्याने आवळायची आणि आतल्या पाच सांध्यांमध्ये वीतभर काड्या उभ्या बसवायच्या, म्हणजे ताऱ्याला पोट येतं. मग पतंगाचा कागद. खळ आई शिजवून द्यायची, चिमूटभर मोरचूद घालून, नाहीतर झुरळं एका रात्रीत कागद कुरतडतात. मागच्या बाजूला एक पाकळी उघडी ठेवायची, तिथून आत छोटा कंदील जायचा. शाळेपुढच्या लिंबाच्या फांदीवर तो तारा चढला की पार मळ्यातल्या वस्त्यांवरून दिसायचा. गावात वीज नव्हती, त्यामुळे त्याच्या उजेडाशी स्पर्धा करणारं काही नव्हतं.

नाताळच्या रात्री नाटक व्हायचं. वडील ते दरवर्षी नव्याने लिहायचे. मरीया, योसेफ, मागी लोक हे सगळे आमच्यातलेच. पण मुलांची झुंबड उडायची मेंढपाळ व्हायला, कारण मेंढपाळांना खरी घोंगडी मिळायची. ती धनगरवाड्यातून यायची, मेंढरांच्या वासासकट. एका वर्षी घोंगड्यांबरोबर एक म्हातारे धनगर आजोबाही आले आणि दाराशी काठीवर हनुवटी टेकून शेवटपर्यंत उभे राहिले. नाटक संपल्यावर त्यांनी वडिलांना गाठलं. म्हणाले, ‘मास्तर, समदी बाळ बघाया ग्येली, तर रातीचं मेंढरांपाशी कोन हुतं?’

वडिलांनी या प्रश्नाचा फार आदर केला. शुभवर्तमानात त्याचं उत्तर नाही. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचनच त्यावर केलं: कुणीतरी नक्की मागे राहिला असेल, ज्याने बाळ पाहिलं नाही, पण ज्याच्यामुळे बाकीच्यांना ते पाहता आलं. मी तेव्हा लहान होते. आईकडे बघून मला वाटलं, हे तिच्याबद्दलच आहे. नाटक चालू असताना ती चुलीपाशी सगळ्यांच्या चहाचं आधण ठेवून बसलेली असायची.

गाण्यांचं सांगायला हवं. आमच्याकडे कॅरल म्हणजे पेटी, ढोलकी, टाळ आणि गॅसबत्ती. नाताळच्या आधीच्या रात्री मंडळी वस्ती-वस्तीवर फिरायची. नगरची डिसेंबरची थंडी कोरडी, हाडात शिरणारी. पुरुष कानाला मफलर आणि बायका डोक्यावरून पदर घट्ट लपेटून गायच्या. गात होतो ते अभंग आणि भजनं, त्यांत बरीचशी नारायण वामन टिळकांची. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आयुष्यभर हा ध्यास घेतला, की मराठी ख्रिस्ती माणसाने देवाला आपल्या चालीत हाक मारावी. त्यांच्याही आधी नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. आजोबांनी टिळकांचं कीर्तन राहुरीला ऐकलं होतं. ते सांगताना त्यांचा हात आपोआप चिपळ्या धरल्यासारखा व्हायचा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आमच्या घरी मोठ्याने वाचली जायची, आणि आई ऐकता ऐकता गव्हातले खडे बाजूला काढायची.

पुढे मोठेपणी वाचनात एक गोष्ट आली, तिने मला बरंच काही उलगडलं. आमच्या भागात ख्रिस्ती धर्म आणला तो अमेरिकन मराठी मिशनने. बोस्टनच्या मंडळाचे हे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. ज्या मॅसॅच्युसेट्समधून ती संस्था आली, तिथल्या प्युरिटन वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड ठरवला होता! नाताळाला बायबलमध्ये आधार नाही, असं त्या मंडळींचं म्हणणं. १६८१ मध्ये तो कायदा गेला, पण मिशनरी इकडे यायला निघाले त्या काळापर्यंतही न्यू इंग्लंडच्या अनेक मंडळ्या नाताळ साजरा करत नव्हत्या. म्हणजे ज्यांनी आम्हाला शुभवर्तमान दिलं, त्यांच्याच परंपरेत नाताळाचा सण जवळजवळ नव्हता. मला वाटतं, म्हणूनच आमच्या आज्या-पणज्यांना मोकळी जागा मिळाली. दिवस होता, कथा होती. सण कसा करायचा हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती जागा हाताशी होतं त्याने भरली. सारवण, तोरण, फराळ, कीर्तन. आमचा नाताळ आयता आलेला नाही. तो या बायकांनी घडवला, आणि त्याचं श्रेय त्यांना कुठल्याच इतिहासात मिळालेलं मी पाहिलेलं नाही.

आता ताटाची गोष्ट. नाताळच्या सकाळी उपासनेहून आलो, की आई फराळाची ताटं भरायची आणि वर क्रोशाचा रुमाल घालून आम्हा मुलांच्या हाती द्यायची. आमची घरं महारवाड्याला लागून होती. आजोबांच्या पिढीने धर्म बदलला, पण गावाच्या लेखी आमची जागा काही बदलली नव्हती. मुलाण्यांच्या घरी ताट आनंदाने घेतलं जायचं आणि परत येताना त्यात साखर असायची, कारण रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत. धनगरवाड्यातही तसंच. पण गावात असे काही वाडे होते, जिथे ताट ओट्यावरच ठेवायला सांगत. ते आत गेलेलं मी कधी पाहिलं नाही. ताट तसंच्या तसं परत आलं नाही तरी त्यातलं कुणी खाल्लं, की गड्याला दिलं, की गुरांपुढे टाकलं, हे आम्हाला कळत होतं. मी एकदा आईला रागाने म्हटलं, की त्यांच्याकडे पाठवूच नकोस. आई म्हणाली, ‘द्यायचं आपल्या हातात आहे, तेवढं करायचं.’ आणि पुढच्या वर्षी तिने त्या वाड्यासाठी नेहमीसारख्याच मुरडीच्या करंज्या निवडल्या. कातण्याने कापलेल्या घरात खायला, मुरड घातलेल्या देण्यासाठी, असा तिचा नियम होता.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. नाताळाला मी तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी गेले. विहिरींचे तळ दिसत होते. ज्वारी दिसत नव्हती. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापताना तडकायची. गावातले झाडून सगळे दुष्काळी कामावर होते. पाझर तलावाचं काम निघालं होतं. खडी फोडायला बसलेल्या बायकांत आमच्या वस्तीच्या होत्या, धनगरवाड्याच्या होत्या आणि ज्यांच्या ओट्यापलीकडे आमचं ताट कधी गेलं नाही, त्या वाड्यांतल्या सुनाही होत्या. पदर पुढे ओढून, हातात हातोडा.

आईने त्या वर्षीही करंज्या केल्या. साखर नाही, खोबरं नाही. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि गूळ. रवा वस्तीतल्या सगळ्यांनी वाटी-वाटी आणून एकत्र केला. तेल इतकं थोडं, की घाणा दोन-दोन करंज्यांचा. आम्ही रात्रभर बसलो, ओल्या फडक्याखाली लाटलेल्या करंज्या झाकून, आणि वडील कंदील धरून उभे. नाताळच्या दिवशी उपासना पहाटे आटोपली आणि दुपारच्या सुट्टीत आई टोपली घेऊन तलावाच्या बांधावर गेली. मी मागे होते.

तिने कुणाचं घर पाहिलं नाही. ओळीने बसलेल्या बायकांच्या हातावर एकेक करंजी ठेवत गेली. त्या वाड्यातली थोरली सून, जिच्या ओट्यावर मी लहानपणी ताट ठेवून मागे सरकत असे, तिच्यापुढे आई क्षणभर थांबली. त्या बाईने हाताची धूळ लुगड्याला पुसली, हात पुढे केला आणि करंजी तिथेच, सगळ्यांदेखत खाल्ली. मग म्हणाली, ‘मास्तरीणबाई, मुरड लई नाजूक घालता हो.’ आईने टोपलीतली आणखी एक तिच्या हातावर ठेवली आणि पुढे गेली. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. संध्याकाळी वडिलांना तिने एवढंच सांगितलं, की वाड्यावरच्या सूनबाईंना करंजी आवडली.

त्या दुष्काळानंतर सगळं गाव एका पंगतीला बसलं, असं मी म्हणणार नाही. तसं झालं नाही. पण पुढच्या नाताळात त्या वाड्यावर नेलेलं ताट आत गेलं आणि साखर घेऊन परत आलं. आई गेली तेव्हा त्या सूनबाई भेटायला आल्या होत्या आणि माझा हात बराच वेळ त्यांनी सोडला नाही.

पुण्यात आमचा संसार पिंपरीच्या कारखान्याच्या पाळ्यांवर चालला. केक आला तो इथे. शेजारच्या बाईंनी शिकवलं: अंडी, मैदा, लोणी, साखर घरी फेटायचं आणि डबा घेऊन बेकरीच्या दारात रांग लावायची, कारण भट्टी घरात नव्हती. मुलं डब्यावर नाव लिहायची, बदलू नये म्हणून. पुढे ओव्हन आला, मग केक दुकानातूनच येऊ लागला. ताऱ्याला विजेचा दिवा लागला, मग प्लॅस्टिकचे घडीचे तारे आले. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही; ती धावपळीची आणि सुखाची होती.

धाकटी मुलगी आता मेलबर्नला असते. तिथे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. नातवंडं अर्ध्या चड्डीत समुद्रावर जातात आणि संध्याकाळी घरी येऊन करंज्या खातात. सारण मी इथून पाठवत नाही, ती स्वतः करते. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या शहरांत रात्री अकरापासून संचारबंदी होती आणि मध्यरात्रीची उपासना करता येईना, तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना फोनच्या पडद्यावर एकत्र बसवलं. आवाज मागेपुढे होत होते, एकाची ओळ संपेपर्यंत दुसऱ्याची सुरू व्हायची. तरी भजन शेवटपर्यंत म्हटलं. यजमानांचा तो शेवटचा नाताळ. त्यांनी मांडीवर ठेका धरला होता.

मला काळजी आहे ती केकची नाही. केक येवो, सांताक्लॉज येवो, लाल टोप्या घातलेली चिमुरडी पाहून मलाही गोड वाटतं. काळजी आहे ती गाण्यांची. गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या कॅरलला सगळी गाणी इंग्रजी होती, तीही स्पीकरवर लावलेली. मुलं गात नव्हती, नुसती सोबत चालत होती. एका घरी वयस्कर आजींनी टिळकांचं भजन म्हणायला सांगितलं, तर आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांशिवाय कुणाला येईना. ज्या भजनांसाठी एका कवीने आपलं सारं आयुष्य वेचलं, ती आपल्या नातवंडांच्या ओठांवर नसावीत, याचं मला मनापासून दुःख होतं. मुलांचा यात काडीचाही दोष नाही. आम्ही त्यांना बसवून शिकवलं नाही, तर ती येणार कुठून?

म्हणून यंदा पालकांशी आणि पाळकसाहेबांशी बोलून ठरवलं आहे. रविवारी उपासना झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत तासभर सराव. वडिलांच्या वहीतली भजनं मी मोठ्या अक्षरात लिहून काढली आहेत, चाली माझ्या आवाजात नातवाने फोनवर भरून घेतल्या आहेत. पेटीला एक निवृत्त शिक्षक मिळाले, टाळ आहेत. ढोलकीवाला अजून मिळालेला नाही. तो कुठल्या धर्माचा, कुठल्या पेठेचा, काही अट नाही. हात चांगला हवा आणि कॅरलच्या रात्री थंडीत फिरायची तयारी हवी. फराळ आमच्याकडे, करंज्या मुरडीच्या.