दोन नळ्या, एक रिपोर्ट

नवरात्र आणि कपाशीची वेचणी जळगावजवळच्या असोद्याच्या शिवारात मागेपुढेच येतात. उपवास मोडवत नाही, मजुरी बुडवून चालत नाही आणि मधुमेहाची गोळी तर सकाळीच घेतलेली असते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या रिकाम्या पोटीही शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. मग रक्तातली साखर उतरते, हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘ऊन लागलं’ म्हणत वेचणीवरच्या बाईला बांधावर बसवतात, साखरपाणी देतात. दुपारी रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी नेहमीच्या ४,००० ते ११,००० या मर्यादेपलीकडे निघाल्या, की ‘इन्फेक्शन’ ठरतं आणि अँटिबायोटिक सुरू होतं. माझा आक्षेप इथेच आहे. साखर फार उतरली की शरीर अ‍ॅड्रिनालिन सोडतं. एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेल्या पांढऱ्या पेशी त्यामुळे प्रवाहात उतरतात. आधी लिम्फोसाइट वाढतात, काही तासांनी न्यूट्रोफिल. एकही जंतू नसताना आकडा चढतो.

उलटंही घडतं. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात; साध्या नळीत तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर घटते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या, तर माणूस ठणठणीत बोलत असतानाही रिपोर्टमध्ये साखर धोक्याइतकी कमी दिसू शकते. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी असते आणि पेशींसाठी जांभळ्या टोपणाची. फ्लोराइडलाही पुरता परिणाम करायला तास-दोन तास लागतात. जिथे नमुने तपासायला जातात ते जळगाव असोद्याहून जवळ असलं, तरी गावोगावचे नमुने गोळा करत मे महिन्यात फिरणाऱ्या पिशवीतल्या नळीसाठी ते अंतर थोडं नाही.

डॉक्टर म्हणतील, इन्फेक्शन निसटलं तर जिवावर बेतेल. हे खरंच आहे. गंभीर जंतुसंसर्गातही साखर उतरते आणि पेशी वाढतात. ताप, धाप, गुंगी असेल तर उपचाराला क्षणाचाही उशीर नको. पण तसं काहीच नसेल, साखर घेताच माणूस सावरला असेल, तर पेशींची मोजणी काही तासांनी पुन्हा करावी. दुसरा आक्षेप असा, की ही वाढ तात्पुरतीच असते, तिचा एवढा बाऊ कशाला? आकडा खाली येतो हे मान्य. मात्र नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांनी साखर अशी उतरल्यानंतर रक्तातल्या मोनोसाइट पेशी तपासल्या, तेव्हा त्या दाह वाढवणारी रसायनं अधिक सोडत होत्या. पुढच्या प्रयोगांत दाहाच्या खुणा काही दिवस टिकलेल्या दिसल्या. मधुमेह्याच्या हृदयाला हा दाह परवडणारा नाही, त्यामुळे साखरपाणी पाजून विषय संपत नाही. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारायला हवं. आणि रक्त घेणाऱ्याने चिठ्ठीवर दोन वेळा लिहाव्यात: शेवटचं खाणं कधी झालं आणि नळी कधी भरली.