फरशीखालची पाणसळ आणि हातातले प्रमाणपत्र

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या टापूत सिमेंटचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. शेजारच्या गडचिरोलीत सुरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांमुळे बांधकामाला वेग आला आहे. वसाहती, कार्यालये, शाळा, वसतिगृहे, घरकुले अशी कामे दोन्ही जिल्ह्यांत निघत आहेत. तरीही याच भागातील हजारो मजूर दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. जे गावी राहतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला बांधकामावर रेजा-कुलीचेच काम येते. दुसरीकडे, महाराष्ट्रातील शहरांत फरशी आणि संगमरवराच्या कामात राजस्थानी कारागिरांचा दबदबा जुना आहे. सिमेंट इथले, हात मात्र बाहेरचे, ही विसंगती केवळ प्रादेशिक अस्मितेचा विषय नाही. कौशल्य म्हणजे काय आणि ते कोणी, कसे मोजायचे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

फरशीकामाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ग्राहकाला दिसते ती फरशीची चमक. कारागिराची परीक्षा मात्र तिच्याखाली होते. जमीन सपाट आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने खोलीच्या चारही भिंतींवर एकाच उंचीची खूण घ्यावी लागते, त्या रेषेपासून जागोजागी खाली माप टाकावे लागते आणि सर्वांत उंच भाग कोणता ते शोधावे लागते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी माप चुकते. उंच भागावरून फरशीची अंतिम पातळी ठरते, खोलगट भाग आधी भरून घ्यावा लागतो आणि न्हाणीघरात पाण्याच्या निकासाकडे ढाळ ठेवावा लागतो. हे हिशेब चुकले की वर्षभरात फरशी पोकळ वाजू लागते, कोपरे उचलतात, दारे घासतात.

पूर्वी या चुका बऱ्याच अंशी झाकल्या जात. शहाबादी किंवा मोझॅकची फरशी सिमेंट-वाळूच्या जाड थरावर बसत असे आणि जमिनीचा चढउतार त्या थरात सामावून जाई. आता व्हिट्रिफाइड फरशीने ते चित्र पालटले आहे. तिचे पाणी शोषण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने साधा सिमेंटचा राळ तिला नीट धरत नाही. त्यामुळे रासायनिक चिकटद्रव्य वापरले जाते आणि त्याचा थर अवघा काही मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्याशा थरात खड्डे बुजवता येत नाहीत. शिवाय चार फूट लांबीची फरशी जराशा उंचवट्यावरही डुलते. थोडक्यात, साहित्य जसजसे आधुनिक होत गेले, तसतसे पाणसळीचे जुने ज्ञान अधिकच मोलाचे झाले. त्यात चंद्रपूरच्या पश्चिम भागातील काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भराव नीट न दाबता घातलेला कोबा हमखास तडकतो. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की ओला थर नीट मुरण्याआधीच सुकतो. या गोष्टी ठाऊक असलेला स्थानिक गवंडी ही त्यामुळेच मोठी जमेची बाजू ठरते.

मग या गवंड्याला मान्यतेची वाट कोणती? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण ज्याच्या रोजीवर घर चालते, त्या तिशी-चाळिशीतल्या माणसाला वर्षभर वर्गात बसणे परवडत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आली. तिचे तत्त्व योग्यच होते. परंतु थोड्या तासांचे मार्गदर्शन आणि त्यानंतरची चाचणी एवढ्यावर कौशल्याचे माप घेतले, तर ते फरशीच्या चमकेवरून जमिनीची पारख करण्यासारखे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांत गवंड्यांचा समावेश आहे. प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपये अशी तरतूद त्यात आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. म्हणजे योजनांचा तुटवडा नाही.

अडचण आहे ती प्रमाणपत्राच्या मोलाची. किमान वेतनाच्या अधिसूचनांत कामगारांची कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी वर्गवारी असते. पण प्रमाणपत्र दाखवल्यावर ठेकेदाराने कुशल दर द्यावाच, अशी सक्ती प्रत्यक्षात कोठे दिसते? २०११ पासून कार्यरत असलेल्या राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला माणसाने श्रम केले एवढेच सांगतो, त्याला काय येते ते सांगत नाही. प्रमाणपत्राने ना मजुरी वाढत, ना नवे काम मिळत, असे दिसले की कारागिराचा त्यावरचा विश्वास उडतो. आणि कारागीरच गंभीर नसले की चाचणीही उपचारापुरती उरते. हे दुष्टचक्र तोडायचे तर दोन्ही टोकांना हात घालावा लागेल.

पहिले, चाचणी प्रत्यक्ष जमिनीवर व्हावी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घरकुल बांधता बांधता ४५ दिवसांचे गवंडी प्रशिक्षण देण्याची पद्धत आहे, ती अनुकरणीय आहे. मात्र २५ चौरस मीटरच्या आणि सव्वा लाखाच्या आसपास अनुदान असलेल्या घरकुलात महागड्या फरशीला वाव कितीसा? म्हणून शाळा, आरोग्य केंद्रे, वसतिगृहे यांची फरशीकामे प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी लागतील. परीक्षार्थीने पातळी घ्यावी, खोलगट जागा भरावी आणि फरशी बसवण्याआधीच परीक्षकाने सरळ पट्टी ठेवून तपासावे. दुसरे, सार्वजनिक बांधकाम विभाग व जिल्हा परिषदेच्या निविदांत ठरावीक प्रमाणात प्रमाणित कारागीर आणि त्यांना कुशल दर, ही अट असावी. तिसरे, वेळापत्रक जंगलाशी जुळावे. धान कापणी आटोपल्यानंतर आणि एप्रिल-मे मधील तेंदू हंगामापूर्वी मिळणारे तीन-चार महिने हाच प्रशिक्षणाचा काळ. पावसाळ्यातले वर्ग रिकामेच राहणार. झारखंडात शौचालय बांधणीच्या निमित्ताने ‘राणी मिस्त्री’ तयार झाल्या, हे पाहता वर्षानुवर्षे घमेली वाहणाऱ्या रेजांनाही या वाटेवर आणता येईल.

गडचिरोलीत पोलाद उद्योग आला की रोजगार आपोआप येईल, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरेल. रोजगार येतो तो तयार हातांकडे. बांधकामाचा हा बहर काही वर्षांत ओसरेल आणि तोवर स्थानिक तरुण घमेली उचलण्यापलीकडे पोहोचला नाही, तर त्याच्या गावाशेजारी उभ्या राहिलेल्या इमारतींतून त्याला मिळालेली मजुरी तेवढी खर्ची पडलेली असेल. पुढच्या मिरचीच्या हंगामात तो पुन्हा तेलंगणाच्या वाटेवर असेल.