रेशनचा तांदूळ : ‘अफवा’ म्हणण्याआधी समजावून सांगा

मागच्या वर्षावासात सरावलीतील एका वस्तीच्या विहारात ग्रंथवाचन संपले, आणि एक आजी पदराची गाठ सोडत आमच्यासमोर येऊन बसल्या. गाठीत मूठभर तांदूळ होता.

“जयभीम सिस्टर. हे बघा. धुताना यातले काही दाणे वर येतात. रंगही पिवळट. दुकानदार म्हणतो, तांदूळच आहे. मग बाकीचा तांदूळ का नाही तरंगत?”

लगेच बाकीच्या बायाही बोलू लागल्या. एकजण असे दाणे निवडून फेकत होती. दुसरीने तर महिन्याचा सगळा तांदूळ विकून बाजारातून महागाचा आणला होता. तिची सून सात महिन्यांची गरोदर, हिमोग्लोबिन नऊ. प्लास्टिक पोटात गेले आणि बाळाला काही झाले तर, ही तिची धास्ती.

आम्ही काय केले? सगळे करतात तेच. “अफवा आहे, बिनधास्त खा,” असे सांगून मोकळ्या झालो. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी गाठ पुन्हा बांधली आणि उठून गेल्या. इतकी वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर एवढे तरी कळते, की माणूस असा गप्प झाला म्हणजे त्याला पटलेले नसते.

नंतर विचार केला तेव्हा आमचीच चूक लक्षात आली. आजींनी जे पाहिले ते अगदी बरोबर होते. ते दाणे वेगळेच आहेत. तांदळाचे पीठ करून त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, आणि यंत्रातून त्याला पुन्हा तांदळाचा आकार देतात. असे एक किलो दाणे साधारण शंभर किलो साध्या तांदळात मिसळले जातात. यालाच पोषणयुक्त किंवा फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. हे दाणे यंत्रात घडवलेले असल्यामुळे काही वेळा तरंगतात, रंगातही थोडे निराळे दिसतात. त्यात प्लास्टिक नसते. म्हणजे आजींची नजर खरी होती, फक्त अंदाज चुकला होता. आणि आम्ही दोन्ही गोष्टी एकाच शब्दात झटकून टाकल्या.

पुढच्या रविवारी आम्ही जखमेला लावायचे आयोडीन घेऊन विहारात गेलो. एका बशीत साधे दाणे, दुसरीत ते तरंगणारे, तिसरीत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. प्रत्येकावर एक-एक थेंब टाकला. दोन्ही प्रकारचे दाणे काळे-निळे झाले, कारण दोन्हींत पिष्ट आहे. पिशवीचा तुकडा तसा झाला नाही. (आयोडीन लावलेले दाणे खाऊ नयेत, टाकून द्यावेत.) थेंब आजींनी स्वतः टाकला. त्यानंतर ते दाणे निवडून फेकणे त्या वस्तीत बरेच कमी झाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. प्लास्टिकचा प्रश्न सोपा होता. खरा वादाचा प्रश्न लोहाचा आहे, आणि तो वस्तीत कुणी बोलूनच दाखवत नाही.

२०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांत लोहयुक्त अन्नाच्या वेष्टनावर इशारा सांगितला होता : थॅलेसेमिया असलेल्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली खावे, सिकलसेल आजार असलेल्यांनी खाऊ नये. आता रेशनचे दुकान आठवा. इशारा गोणीवर, गोणी दुकानात, आणि आपल्या पिशवीत सुटा तांदूळ. शिवाय हा तांदूळ महाराष्ट्रात आधी प्रायोगिक म्हणून वाटला गेला तो गडचिरोलीत, म्हणजे सिकलसेलच्याच पट्ट्यात. सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार नाही. विदर्भातील आपल्या बौद्ध समाजातही तो आढळतो, आणि तारापूर एमआयडीसीत कामाला आलेली विदर्भातली कुटुंबे आपल्या शेजारी राहतात.

पुढे २०२४ मध्ये, तज्ज्ञ समितीला धोक्याचा पुरावा न मिळाल्यामुळे, तो इशारा काढून टाकण्यात आला. यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. या तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते. महिन्याला पाच किलो खाल्ला तरी १४० ते २१२ मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच अंगात शोषले जाते. उलट रक्ताच्या एका पिशवीतून दोनशेहून अधिक मिलिग्रॅम लोह थेट शरीरात जाते. दुसऱ्या बाजूचे डॉक्टर आणि कार्यकर्ते म्हणतात, की ज्यांच्या अंगात आधीच लोह साठते त्यांच्यावर आणखी भार का, आणि त्यांना निवडीचा हक्क का नाही? या तांदळाने रक्त वाढते का, यावरही एकमत नाही. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातले अभ्यास तपासले. रक्तक्षयाच्या प्रमाणात फारसा फरक पडत नसावा असे त्यांना आढळले, आणि हा पुरावा कच्चा आहे हेही त्यांनी सांगितले. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. तेव्हा काहीतरी करायला हवे, याबद्दल वाद नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे : इशारा होता तेव्हा वस्तीला कळला नाही, आणि तो काढला तेव्हाही कळले नाही. दोन्ही वेळा आपल्याबद्दलचा निर्णय आपल्याला न सांगता झाला. मग लोक शंका घेतात तेव्हा त्यांना अडाणी ठरवायचे, हा कुठला न्याय? ज्याच्या खिशात पैसे आहेत तो दुकानात दहा प्रकारचे तांदूळ बघून निवडतो. रेशनवर जगणाऱ्याला निवड नाही. म्हणूनच त्याला माहिती देण्याची जबाबदारी जास्त आहे.

काही अधिकारी म्हणतात, वाद सांगितला तर लोक घाबरतील, तांदूळ टाकून देतील. आमचा अनुभव उलटा आहे. तांदूळ टाकला गेला तो काहीच न सांगितल्यामुळे. लोकांना विचारून निर्णय घेता येतो, याचे उदाहरण याच देशात आहे. बीटी वांग्याच्या वेळी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती दिली. तो निर्णय कुणाला पटो न पटो, शेतकऱ्याने शास्त्रज्ञासमोर उभे राहून प्रश्न विचारला, हे महत्त्वाचे. रेशनच्या तांदळाबाबत आमच्या वस्तीत असे विचारायला कुणी आले नाही.

कालामांनी तथागतांना विचारले होते, की येणारा प्रत्येक गुरू आपलेच खरे म्हणतो, मग मानावे कुणाचे? तथागतांनी त्यांना दटावले नाही. शंका घेणे रास्त आहे असे सांगून पारखायला शिकवले. आजींनी पदरात तांदूळ बांधून आणला, तेव्हा त्या हेच करत होत्या.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक रेशन दुकानात मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत फलक लावा : यात काय मिसळले आहे, का मिसळले आहे, आणि कुणी डॉक्टरांना विचारावे. वस्त्यांमध्ये सिकलसेलची तपासणी शिबिरे घ्या. ज्या घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण आहे, त्या घराला साधा तांदूळ मागता आला पाहिजे.

आणि आपण घरी काय करायचे? तरंगणारे दाणे फेकू नका. हा तांदूळ म्हणजे औषध नव्हे, म्हणून गरोदर बाईने दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, कुणाला वारंवार रक्त चढवावे लागत असेल, तर या तांदळाबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नका. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर लग्नाआधी मुलामुलींची जरूर करून घ्या.

येत्या पौर्णिमेला वंदनेसाठी याल तेव्हा मूठभर रेशनचा तांदूळ सोबत आणा. आयोडीन आम्ही आणू. प्रश्न तुम्ही आणा, आणि उत्तर आम्हाला ठाऊक नसेल तर तसे सांगू.

जयभीम.