पितळी कर्ण्याखालचा खोटा हात

जुन्या ग्रामोफोनच्या बाजारात सध्या सगळ्यात जास्त दिसतो तो खोटा ग्रामोफोन. अष्टकोनी लाकडी पेटी, वर आरशासारखा चकचकीत पितळी कर्णा, समोर कुत्र्याच्या चित्राची कोरी करकरीत पट्टी. हॉटेलच्या दारात हाच, मालिकेतल्या वाड्यात हाच. विकणारा म्हणतो, शंभर वर्षांचा आहे. घेणारा मान डोलावतो. माझं भांडण दोघांशी आहे, पण विकणारे पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातले असतात म्हणून त्यांच्याशी जरा जास्त.

मी कर्ण्याकडे बघत नाही. मी बघतो टोनआर्म, म्हणजे सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सपासून कर्ण्यापर्यंत आवाज नेणारी ती वाकडी, पोकळ नळी. मी त्याच जमवतो आणि दुरुस्त करतो. सुई रेकॉर्डच्या खाचेतून जाताना थरथरते, साउंडबॉक्समधला पातळ पडदा त्या थरथरीनं हवा हलवतो, आणि ती हवा या नळीतून पुढे जाते. वीज नाही, अॅम्प्लिफायर नाही. आवाजाचा कर्णा खरं तर या नळीतच सुरू होतो. म्हणून चांगल्या कंपनीचा आर्म पुढे पुढे रुंद होत जातो, त्याच्या सांध्यातून हवा गळत नाही आणि बोटाच्या हलक्या धक्क्यानं तो आडवा फिरतो. खोट्या यंत्राचा आर्म ओबडधोबड ओतलेला, सांध्यात खडखडणारा. त्याची लांबी डोळ्यांच्या अंदाजानं ठरवलेली, त्यामुळे सुई खाचेत सरळ बसत नाही. वर साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून जास्त. लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची पूड असते, पोलादी सुई खाचेच्या मापाची घासली जावी म्हणून. सुई दर बाजूला बदलायची ती त्यासाठीच. अशा रेकॉर्डवर तिरकी, अडखळणारी सुई फिरवली की रेकॉर्ड खरवडली जाते, आणि ते परत भरून येत नाही.

त्या खाचांमध्ये काय आहे? १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचा आवाज पहिल्यांदा मुद्रित झाला. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी ख्याल गायले, ठुमरी गायली आणि मराठी नाट्यपदंही गायली. (‘मौसिकी हराम असताना मास्तर हे काय लिहितात’ असं विचारणाऱ्यांनी एवढंच करावं, आजोबांच्या पेटीत काय निघतं ते एकदा बघावं. नातही निघेल.)

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. या नव्या पेटीत चावीचं यंत्र कुठून येतं? ते नवं बनवणं महाग पडतं. मग एचएमव्हीची १०१ किंवा १०२ मोडली जाते. १०२ हे १९३१ मध्ये निघालेलं, सुटकेससारखं मिटणारं पोर्टेबल. त्याचा कर्णा पेटीच्या आत लपलेला असतो, म्हणून दिवाणखान्यात ते शोभत नाही. वाजतं मात्र उत्तम. त्यातली मोटर आणि तबकडी काढून खोट्या पेटीत बसवतात, उरलेलं भंगारात जातं. म्हणजे एक खोटं यंत्र उभं करायला एक खरं यंत्र मारायचं. याला ‘रिस्टोरेशन’ म्हणणाऱ्याला मी कारीगर म्हणणार नाही.

पोटाचा प्रश्न आहे, हे मला सांगू नका. दुरुस्तीतही पोट भरतं, फक्त त्याला सबुरी लागते. साउंडबॉक्समधल्या रबराच्या कड्या इतक्या वर्षांत दगड झालेल्या असतात. त्या बदलल्या की चिरका आवाज पुन्हा भरदार होतो. १०१ च्या चार नंबरच्या साउंडबॉक्समध्ये अभ्रकाचा पडदा असतो, त्याचे पापुद्रे सुटले असतील तर नवा घालता येतो. आर्मच्या बुडाशी सुकलेलं ग्रीस रॉकेलनं काढून ताजं भरायचं. एवढ्यानंच बहुतेक काम होतं. १०२ च्या काही साउंडबॉक्सचं धड जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. ते फुगून तडकलं की इलाज नाही, आणि हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं असतं. सगळ्यात मोठा गुन्हा पॉलिशचा. जुन्या आर्मवरचं निकेल बफिंगच्या चाकावर धरून उडवतात, खालचं पितळ उघडं पाडतात आणि त्यालाच ‘अँटिक लुक’ म्हणतात. पितळी रंग म्हणजे जुनं, हे कुणी ठरवलं? जुन्या यंत्रांचे पुष्कळसे कर्णे तर रंगवलेल्या पत्र्याचे होते.

हे वाचून काही मराठी मित्र हसतील, चोर बाजारच तो, दुसरं काय मिळणार. त्यांनाही ऐकवतो. अभ्रकाचा पडदा बदलणारे हात याच मटन स्ट्रीटच्या आसपास सापडले मला, सदाशिव पेठेतल्या संग्राहकांच्या बैठकीत नाही सापडले. त्या हातांना कुणी रिस्टोरर म्हणत नाही, भंगारवाला म्हणतात. आणि कर्णा पाहिजे, चमक पाहिजे, वाजलं नाही तरी चालेल, ही मागणी बाजारानं जन्माला घातली नाही. ती तुमच्या इंटिरियरवाल्यानं आणली.

तरीही आपल्या दुकानदारांना सुटका नाही. मापात मारणाऱ्यांच्या नावानं कुरआनात एक अख्खी सूरत आहे. धान्याच्या राशीत हात घालून खालचं ओलं धान्य हुजूर (स.) यांनी वर काढलं, तो प्रसंग जुम्म्याच्या बयानात आपण किती वेळा ऐकला? पितळी कर्णा ही तीच वरची कोरडी रास आहे. नवी वस्तू विका, त्यात काही वाईट नाही; पावतीवर ‘नवी बनावट’ एवढे दोन शब्द लिहा. किंमत थोडी उतरेल, उतरू द्या.

आणि १०२ भंगारात आलीच तर मोडण्याआधी चावी देऊन एकदा फिरवून बघा. फिरली तर तशीच विका. नाहीच फिरली, तर आर्म आणि साउंडबॉक्स वितळवायला धाडू नका. सुट्या भागांना गिऱ्हाईक आहे. एक तर मीच आहे, आणि भावात मी फार घासाघीस करत नाही.